आरशातली मी बरी, फोटोतली परकी. असं का होतं?

देवबागवहिनी:
नमस्कार मंडळी. प्रश्न बाळबोध आहे, हसलात तरी चालेल. वय 53. मालवणजवळ देवबागला आमच्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो, जेवणखाण मी बघते. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये आमची चिंचोळी पट्टी. त्यामुळे सेल्फीवाल्यांची चंगळ. तोंड कुठेही करा, पाठीमागे पाणी आहेच.

इतकी वर्षं मी त्यांना हसत होते. गेल्या दिवाळीत मुलीने (ती पुण्याला नोकरीला आहे) नवा फोन दिला आणि आता मीच त्यातली झाले. सकाळच्या भाकऱ्या आटोपल्या की ओट्यापाशी उभं राहून फोटो काढायचा आणि इन्स्टावर टाकायचा. परवा मोजले, सतरा काढले तेव्हा एक टाकला.

दोन गोष्टी कळत नाहीत. काढताना स्क्रीनवर दिसते ती मीच असते. फोटो सेव्ह झाला की ती बाई भलतीच कोणीतरी. जबडा वाकडा, एक डोळा बारीक, नाकाचं तर विचारूच नका. यांना दाखवला तर म्हणतात, "तू अशीच दिसतंस गो." झालं समाधान!

दुसरं म्हणजे फोटो टाकल्यावर पंधरा मिनिटांत चारदा फोन बघते. ताटं वाढायची असतात, हात ओले असतात, तरी पदराला पुसून बघते. लाइक कमी पडले तर फोटो काढून टाकते. "काकू, आज गप्प गप्प का?" असं परवा एका पाहुणीने विचारलं तेव्हा मलाच लाज वाटली. या वयात हे काय मागे लागलं?

वर्गाबाहेर:
वहिनी, मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबेल. आधी एक तपासा. ओट्यामागे भिंतीवर कॅलेंडर असेल तर फोटो काढताना त्याची अक्षरं उलटी दिसतात का आणि सेव्ह झाल्यावर सुलटी होतात का? होत असतील तर पहिल्या कोड्याचा बराचसा भाग तिथेच सुटला. पुढचा कॅमेरा काढताना आरसा दाखवतो आणि बरेच फोन सेव्ह करताना तो आरसा काढून घेतात.

कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. तुम्ही 53 वर्षं आरशातलाच बघत आलात, तो सवयीचा. जे वारंवार दिसतं ते आवडू लागतं, हे रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये मांडलं. त्याच धाग्यावर 1977 मध्ये मिता, डर्मर आणि नाइट या तिघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थिनींचे फोटो काढून प्रत्येकीच्या दोन प्रती केल्या, एक सरळ, एक आरशातल्यासारखी उलटी. बहुतेकींना स्वतःची उलटी प्रत आवडली आणि त्यांच्या जवळच्या माणसांना सरळ. म्हणजे "तू अशीच दिसतंस" म्हणणारे तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. त्यांनी तुम्हाला कायम समोरूनच पाहिलंय!

लेन्सवाला_दापोली:
नाकाचं मी सांगतो, लग्नाचे फोटो काढतो म्हणून. हात लांब केला तरी फोन तोंडापासून फूट-दीड फुटावरच राहतो. नाक लेन्सला जवळ, कान लांब. जे जवळ ते मोठं, एवढंच. 2018 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी गणित मांडलं होतं. बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतं. नाक नीट करून द्या म्हणत लोक सेल्फी घेऊन त्यांच्याकडे येत होते म्हणे. तुम्ही फोन डब्याला टेकवून ठेवा, टायमर लावा आणि पाच-सहा फूट मागे जा. फुकटात काम.

स्पष्टवक्ता:
राग मानू नका, पण हे सगळं स्वतःच्या प्रेमात पडणं आहे. आमच्या आईचे आयुष्यात चार फोटो, त्यातला एक रेशनकार्डाचा. कोणाचं काही अडलं नाही. मी पण एकदा गणपतीत सेल्फी टाकला होता, पण तो मखर दाखवायला. शेजाऱ्याने थर्मोकोलचं केलं होतं, आमचं बांबूचं.

वर्गाबाहेर:
स्पष्टवक्ते दादा, तुमचं मखर अगदी वेळेवर आलं. 2017 मध्ये म्युनिकच्या दोघींनी ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंडमधल्या 238 जणांना विचारलं होतं. 77 टक्के लोक नेमाने सेल्फी काढत होते आणि 82 टक्के म्हणत होते की सेल्फीपेक्षा दुसरे फोटो बघायला आवडतील. स्वतःचा सेल्फी गंमत म्हणून किंवा खराखुरा, दुसऱ्याचा मात्र मिरवण्यासाठी, असंच बहुतेकांना वाटत होतं. तुमचा मखरासाठी आणि वहिनींचा आत्मप्रेमासाठी, हे कसं?

स्पष्टवक्ता:
मखर खरंच चांगलं होतं हो.

होडीवाला:
वहिनी, लाइकचं मी सांगतो, माझं शिक्षण दहावी. जून-जुलै मच्छीमारी बंद असली की मी खाडीला गरी टाकून बसतो. रोज ठरलेल्या वेळी मासा लागला असता तर लागेल तेव्हा ओढला असता आणि घरी गेलो असतो. तसं होत नाही. कधी तासभर काही नाही, कधी टाकल्या टाकल्या तांबोशी. म्हणून माणूस उठत नाही. तुमच्या फोनचं तेच.

आणि विषय निघालाच आहे तर. सेल्फीपायी गेलेल्या लोकांच्या बातम्या आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी जमवल्या होत्या, पेपरात वाचलं ते डोक्यातून जात नाही. 2011 ते 2017 मध्ये जगभरात 259 जण, सर्वांत जास्त भारतात आणि सर्वांत जास्त बुडून. मला नवल नाही. मालवणात खडकावर रोज बघतो. माणसाचं तोंड फोनकडे, पाठ समुद्राला आणि लाट येते ती पाठीमागून. स्क्रीनमध्ये ती दिसते, पण चित्रातली वाटते, आपल्यावर येणारी वाटत नाही. बाबा सांगायचे, दर्याक पाठ दाखवू नको. ते होडीवाल्यांना सांगायचे, आता पाहुण्यांना सांगावं लागतं. तुमच्याकडे उतरतात त्यांना जेवताना तेवढं सांगा.

देवबागवहिनी:
सगळ्यांचे आभार. प्रयोग करून बघितला. माझी चमकी डाव्या नाकपुडीत. काढताना ती स्क्रीनच्या डावीकडे दिसते, सेव्ह झाल्यावर टुणकन उजवीकडे. कॅलेंडरचंही तसंच. मग एकाच फोटोच्या दोन प्रती केल्या, सरळ आणि उलटी. यांना, जाऊबाईंना आणि दारावर येणाऱ्या मासेवालीला दाखवल्या. तिघांनी सरळ उचलली. मला उलटीच बरी वाटली. मासेवाली वर म्हणते, "ह्या उलट्यात तुझी भैण दिसता." मला बहीण नाही.

नाकाचंही पटलं. टायमर लावून मागे गेले तर नाक जाग्यावर, पण मागून मांजर आलं आणि ओट्यावरच्या सुरमईला लागलं. तो फोटो टाकला नाही.

गरीचं वाचून मात्र थांबले. रात्री अंथरुणावर विचार केला, आपण नक्की बघतो काय? आकडा नाही हो. खाली नावं असतात, त्यांत मुलीचं आहे का ते बघते. ती असली तर बारा लाइकही पुरतात, नसली तर दीडशेसुद्धा कमीच वाटतात. काढून टाकलेले सगळे फोटो तिने न पाहिलेले होते. हे मी आजवर कोणाला बोलले नव्हते. इथे कोणी ओळखत नाही म्हणून लिहिते.

काल तिलाच फोन लावला आणि विचारलं, माझे फोटो बघतेस का गो? म्हणाली, "बघते की! लाइक करायचं राहतं. आई, आजीचा रगडा ओट्याखाली होता तो कुठे गेला? आणि खिडकीला तो निळा पडदा कधी लावलास?" म्हणजे ती बोटांनी फोटो मोठा करून माझ्या पाठीमागचं घर बघत होती.

रगडा परसात आहे, कढीलिंबाखाली. ऊन उतरलं की त्याचा काढून पाठवते.