गेरू, रूज आणि भिंग
मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले, म्हणून चित्रकलेचा सिनेमाशी संबंध देखाव्यापुरताच, असं एक मत असतं; ते मला पटत नाही. तो संबंध थेट कॅमेऱ्याच्या भिंगाच्या काचेपर्यंत जातो. रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या ऑप्टिकल कारखान्यात मी पॉलिशिंगला होतो. आता काच घासायला सिरियम ऑक्साइडची पूड वापरतात, पण दुसऱ्या महायुद्धाआधी भिंगं डांबरासारख्या पिचवर रूज लावून घासत. रूज म्हणजे आयर्न ऑक्साइडची अतिबारीक पूड. आपल्या गेरूला लाली येते ती त्याच पदार्थामुळे! मग अचूक आकाराची नमुना काच वर ठेवून न्यूटनची वलयं, म्हणजे दोन काचांमधल्या फटीमुळे उजेडात दिसणारे पट्टे, बघायची. एका वलयाचा फरक म्हणजे नमुन्यापासून सुमारे ०.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). वलय वाकडं दिसलं की काच परत पिचवर. हे काम हाताला आणि डोळ्याला कळतं, चित्रकाराच्या कुंचल्याइतकंच.

आणि बाबूरावांच्या १९२० च्या ‘सैरंध्री’ या मूकपटाच्या काळात सर्रास वापरात असलेली ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे. लाल शालू पडद्यावर जवळजवळ काळा, निळं आकाश पांढरंफटक. पडदे रंगवणाऱ्याला तेव्हा रंग विसरून नुसता उजेड-अंधार तोलावा लागे, आणि ही नजर चित्रकारांकडे आधीपासून होती.