कापडावर रात्रीचं आकाश: वॉश डागाळतो आणि चंद्र खडूसारखा दिसतो

उपवनकाठ

भिंतीवर लावायचं २४ × ३६ इंचांचं पॅनेल करते आहे. विषय ठाण्याची रात्रीची तलावपाळी. वर आकाश, मधे कौपिनेश्वर मंदिराचा कळस आणि इमारतींची रांग, खाली मासुंदा तलावाचं पाणी आणि त्यात दिव्यांची प्रतिबिंबं. आकाश आणि पाणी पांढऱ्या पॉपलिनवर अ‍ॅक्रिलिक फॅब्रिक कलरच्या वॉशने (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थराने), इमारती अ‍ॅप्लिकने (कापडाचे तुकडे वर शिवून), शेवटी सगळ्यावर क्विल्टिंग (थर एकत्र शिवणाऱ्या टाक्यांच्या ओळी).

आकाश दोनदा रंगवलं. दोन्ही वेळा सुकल्यावर मधेच फिकट ठिपके आणि कडेला गडद किनार. ओलं असताना छान गडद दिसतं, सुकल्यावर धुतल्यासारखं. पांढऱ्या रंगाने काढलेला चंद्र तर वरून चिकटवलेल्या खडूसारखा दिसतोय. प्लॅस्टिकवर पसरून, पंखा लावून सुकवते. पाण्याचं प्रमाण किती घ्यावं? आणि आधीचं कापड वाया गेलं का?

निळीबादली

तुमचे ठिपके आणि किनार दोन्ही पंखा आणि प्लॅस्टिक यांच्यामुळे आहेत. कापड जिथे आधी सुकतं तिकडे आजूबाजूचं ओलं पाणी खेचलं जातं आणि रंगाचे कण सोबत नेतं. कडा आधी सुकतात, म्हणून किनार गडद. प्लॅस्टिकवर कापड काही ठिकाणी चिकटून बसतं, काही ठिकाणी खाली हवेचा फुगा राहतो, आणि त्या फुग्याचा नकाशा जसाच्या तसा आकाशात उमटतो.

उपाय म्हणजे लाकडी चौकट. चारी बाजूंनी ३ इंच जास्तीचं कापड ठेवून ते दर दोन इंचांवर ड्रॉइंग पिनने ताणून लावा. दोन्ही बाजूंनी सारखी हवा लागली पाहिजे, म्हणून चौकट चार वाट्यांवर आडवी ठेवा. उभी केलीत तर सगळा रंग खालच्या कडेला उतरतो. पंखा बंद. पावसाळ्यात ठाण्यात यामुळे अख्खी रात्र लागेल, लागू द्या. सावकाश सुकलेला वॉशच एकसारखा येतो. पिन गंजणार नाहीत अशा घ्या, नाहीतर दमट हवेत तांबूस डाग पडतील. जास्तीच्या कापडात गडद किनार जिरते आणि नंतर कापूनही टाकता येते.

त्याआधी खळ काढा. गरम पाण्यात साबणाची पावडर आणि अर्धा चमचा धुण्याचा सोडा घालून धुवा, कंफर्टसारखं काही वापरू नका. वाळलं की बोटाने एक थेंब पाणी टाकून बघा. थेंब टेकताक्षणी पसरून नाहीसा झाला तर कापड तयार. मण्यासारखा वर बसून राहिला तर खळ आहे, पुन्हा धुवा. फिकट ठिपक्यांचं आणखी एक कारण तिथेच सापडेल.

प्रमाण: आकाशाच्या वरच्या भागाला १ भाग रंग, ३ भाग पाणी. क्षितिजाजवळ १ ला ६. पॅनेल कधीच धुवायचं नसेल तर एवढं पाणी चालतं. धुवायचं असेल तर निम्म्या पाण्याऐवजी फॅब्रिक मीडियम घाला. नुसत्या पाण्याने रंगातला चिकटवणारा अंश विरळ होतो आणि धुण्यात रंग सुटतो. तुमच्या मापाला एका थराला साधारण १०० मिली पुरतं, पण मिश्रण १५० मिली करा. मधेच संपलं तर तीच छटा पुन्हा जमत नाही.

कापड आधी साध्या पाण्याच्या फवाऱ्याने सगळीकडे सारखं दमट करा. बोटाने दाबल्यावर पाणी वर यायला नको. मग दोन इंची पसरट ब्रश, वरून खाली, प्रत्येक आडवा फटकारा आधीच्यावर तिसरा हिस्सा चढवत. आणि ओली चकाकी उतरली की ब्रश लांब ठेवा. त्या क्षणी टाकलेला एक ओला थेंब आजूबाजूचा रंग ढकलून फुलकोबीच्या आकाराचा डाग करतो आणि तो काढता येत नाही.

गडदपणा एका जाड थरात मागू नका. जाड थराने पोत झाकला जातो, कापड पुठ्ठ्यासारखं होतं. पातळ तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण सुकवून, उलट बाजूने इस्त्री करून. इस्त्रीने खालचा थर पक्का बसतो आणि वरच्या ओल्या ब्रशने उठत नाही. सुकल्यावर रंग उतरणारच, त्यामुळे त्याच कापडाच्या पट्टीवर छटा लावून हेअर ड्रायरने सुकवून बघा आणि मगच मुख्य कापडाला हात लावा.

कळवाखाडी

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी रंग आणि उजेडाबद्दल लिहितो.

काळा वापरू नका. काळ्याने आकाश सपाट, पडदा टाकल्यासारखं होतं. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट अंबर मिसळलं की खोल, किंचित ऊबदार अंधार मिळतो. दोन्हींचं प्रमाण थोडं मागेपुढे करून वर निळसर आणि इमारतींमागे तपकिरी करता येतो. शहरावरचं आकाश क्षितिजाशी कधीच पूर्ण काळं नसतं. दिव्यांचा उजेड हवेतल्या दमटपणात पसरतो आणि इमारतींच्या मागे मळकट केशरी धूसर पट्टा दिसतो. तो पहिल्याच थरात घ्या, बर्न्ट सिएन्ना १ ला ८ पाण्यात. पिवळा घेतलात तर त्यावर निळा चढून हिरवट होईल. केशरी आणि निळा यांच्या मधे तीनेक इंच पातळ जांभळा ठेवा, म्हणजे दोन्ही चिखल न होता मिसळतात.

चंद्र पांढऱ्या रंगाने काढायचा नाही, कापडाचा पांढरा राखायचा. प्रत्येक थर ओला असतानाच कापसाचा कोरडा बोळा गोल दाबून रंग टिपून घ्या, दर वेळी आधीपेक्षा थोडा लहान गोल. यातून चंद्राभोवती आपोआप खळं, म्हणजे उजेडाचं वलय, तयार होतं. मधली तबकडी नंतर पांढऱ्या केंब्रिकची अ‍ॅप्लिकने लावा. मागे खळं असल्यामुळे तिची कड टोचत नाही.

खिडक्या आणि दिव्यांचे बारीक ठिपके मेणाने राखता येतात. मेण मागच्या बाजूला झिरपलं पाहिजे. मागून बघितल्यावर ठिपका पांढराच दिसला तर ते नुसतं वर बसलंय आणि खालून रंग शिरेल. पण मेण असेल तर निळीबादली म्हणतात ती थरांमधली इस्त्री करायची नाही. मेण वितळून पसरतं आणि दिव्याभोवती तेलकट डाग पडतो. प्रत्येक थर २४ तास नुसता सुकवा. मेण शेवटी कोऱ्या कागदांमध्ये ठेवून इस्त्रीने काढा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते.

प्रतिबिंब हे दिव्याच्या बरोबर खाली, उभंच येतं. तिरकं काढलं की पाणी घसरल्यासारखं वाटतं. पाणी हललं की ते लांबतं आणि तुटतं. रंग मूळ दिव्यापेक्षा एक छटा गडद ठेवा. सोडियमच्या दिव्याचा केशरी आणि एलईडीचा थंड पांढरा हे शेजारी शेजारी ठेवले तर पाणी एकदम खरं वाटतं.

धावदोरा

शिवणीचं सांगते. रंगवलेल्या कापडात सुईचं भोक कायमचं राहतं. उसवलं की पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. म्हणून टाचण्या फक्त कापून टाकायच्या कडेत, आणि टाक्याचं माप आधी रंगवलेल्या पट्टीवर ठरवा. सुई १४ नंबर, नवी. थर जाड झालेल्या जागी टाके सुटायला लागले तर मशीनच्या टेन्शनला (धाग्याच्या ताणाला) हात लावण्याआधी सुई बदला.

पाण्यात उभी प्रतिबिंबं रंगवून घ्या आणि क्विल्टिंगच्या ओळी आडव्या मारा, वर पाऊण इंच आणि आपल्याकडच्या काठाला सव्वा ते दीड इंच अंतराने. त्या ओळींच्या खाचांनी प्रतिबिंब आपोआप तुटतं, ब्रशने तोडत बसावं लागत नाही. लांबच्या पाण्यावर गडद निळ्या ऑर्गेंझाची (पातळ, पारदर्शक कापडाची) एक पट्टी टाकली की ते मागे सरकतं. मात्र ऑर्गेंझावर थेट इस्त्री नको, मलमलचं फडकं घालून मंद आचेवर.

जरीचा धागा असेल तर वरचं टेन्शन सैल, टाका ३ मिलिमीटर, बॉबिनमध्ये साधा पॉलिएस्टर. चंद्राखालच्या पाण्यात चारपाच टाके पुरेत. तिथे जरीचे टाके जास्त झाले की नजर चंद्रावर जातच नाही.

उपवनकाठ

खूप आभार. चौकट उद्याच बनवून घेते. आधीच्या दोन कापडांचं काय?

निळीबादली

सुकलेली किनार आता निघणार नाही. पण ज्यावर ठिपके मोठे आणि मऊ आहेत ते कापड ढगाळ आकाशाला चालेल. फवाऱ्याने दमट करून १ ला ४ चा अल्ट्रामरीन-अंबर वॉश द्या आणि ठिपक्यांची खालची बाजू ओल्या स्पंजने टिपा, पावसाळी ढग तयार होतील. दुसरं कापड कापा. गडद किनारीच्या पट्ट्या इमारतींना वापरा, एका टोकाला गडद आणि दुसरीकडे फिकट असल्याने इमारतीला आयती सावली मिळते.