पिल्लू खेळता खेळता चावतं: नागपूरकर, तुमच्या घरचा अनुभव सांगा

मिश्रीची ताई, मनीषनगर

दोन-अडीच महिन्यांचं पिल्लू घरात आलं की आठवडाभरात घरातल्या सगळ्यांच्या मनगटांवर लाल रेघा दिसू लागतात. माझ्या ओळखीत याच कारणाने दोन पिल्लं घराबाहेर गेली. एक ज्यांच्याकडून आणलं त्यांना परत केलं, दुसरं रस्त्यावर सोडलं. कारण काय, तर 'हे चावरंच निघालं'. ते पिल्लू चावरं नव्हतं, लहान होतं. हे मला फार लागलं, म्हणून हा धागा काढतेय. फ्लॅटमध्ये, वाड्यात, आपल्या मे महिन्याच्या उन्हात ज्यांनी पिल्लू वाढवलंय त्यांनी लिहा. घरात काय केलं, कशाने फरक पडला, कशाने नाही पडला, सगळं.

आधी माझं. मिश्री देशी आहे. नाल्याकाठी एकटी सापडली तेव्हा पाचेक आठवड्यांची असेल. पिल्लं आपल्या भावंडांत कुस्ती खेळतानाच शिकतात की किती जोरात दात लावला तर समोरचा केकाटतो आणि खेळ मोडतो. आईचं दूध पिताना दात टोचला तर आई उठून जाते, तोही धडाच. म्हणून पिल्लू आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडू नये म्हणतात. मिश्रीला हे काही मिळालंच नाही. मग भावंडांचं काम आम्हालाच करावं लागलं.

दात कातडीला लागला की हात मागे ओढायचा नाही, कारण पळणारा हात तिला अजून मजेदार वाटतो. हात ढिला सोडायचा, एकदाच 'बस' (म्हणजे पुरे) म्हणायचं, उठायचं आणि दाराआड जायचं. अर्धा मिनिट पुरे. मग परत यायचं आणि दोरीचं खेळणं पुढे करायचं. हे परत येणं लोक विसरतात. रागावून तासभर कोंडून ठेवलं तर कशामुळे कोंडलं ते पिल्लाला कळत नाही. खेळ थांबला, शांत झाल्यावर परत सुरू झाला, एवढं मात्र त्याला पक्कं कळतं.

महालातला वाडा

आमचं घर एकत्र, माणसं भरपूर, लहान मुलंही. ब्रूनो लॅब्राडोर. लॅबला तोंडात काहीतरी धरायला लागतंच, त्यांची जातच पाणपक्षी उचलून आणण्यासाठी घडवलेली. आमच्याकडे अडचण पिल्लाची नव्हती, माणसांची होती. मी आणि सासूबाई दात लागला की खेळ थांबवायचो. संध्याकाळी भाऊजी दुकानातून आले की चटईवर बसून हाताने पंजा लढवायचे, ब्रूनोने मनगट धरलं की खूश व्हायचे. त्यांना दुखायचं नाही, हात राकट. पण तोच ब्रूनो दुसऱ्या दिवशी माझ्या चार वर्षांच्या मुलीचा हात धरायचा, आणि तिचं रक्त निघायचं. पिल्लाला कसं कळावं की काकाचा हात चालतो आणि पोरीचा नाही?

सासूबाईंनी भाऊजींना बसवून सांगितलं. हाताची कुस्ती बंद, त्याऐवजी जुन्या सुती साडीची घट्ट वेणी करून दिली, हातभर लांब. ओढाओढी करायची तर त्या वेणीने. दात वेणी सोडून बोटांवर आले की वेणी खाली ठेवायची, खेळ संपला. भाऊजींनीच मग 'सोड' शिकवलं. वेणी तोंडात असताना उकडलेल्या चिकनचा तुकडा नाकाशी धरायचा, तोंड उघडलं की 'सोड' म्हणायचं, तुकडा द्यायचा आणि वेणीही लगेच परत द्यायची. आता मोजा, चप्पल, पेन, काहीही तो 'सोड' म्हटल्यावर सोडतो. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायला सुरुवात केल्यावर महिन्याभरात घर शांत झालं.

शेरूवाला, दिघोरी

आमचं शेरू पायालेच धरे. चालून राह्यलो की मागून घोट्यावर दात. जर्मन शेफर्ड आहे, मेंढ्या हाकायची जात, चालते पाय दिसले की त्याले राहवतच नाही. मी लोकायले एकच सांगतो, उड्या नका मारू, पळू नका. जागेवर खांबासारखं उभं राहा. पाय हलला नाही त त्याची मजा जाते. मग खिशातून दोरी काढायची, जमिनीवर सरपटवायची, तो थे धरते. खिशात दोरी कायम पाहिजे भाऊ, घरातल्या प्रत्येकाच्या. कपाटात ठेवलेली दोरी काय कामाची?

त्रिमूर्तीनगर, जुळ्यांची आई

मुलांबद्दल लिहिते, कारण माझी खरी काळजी तीच होती. मुलं किंचाळतात, हात वर करून पळतात, आणि पिल्लाच्या दृष्टीने याहून भारी खेळणं जगात नाही. मुलांना 'चावलं तर ओरडू नका' असं सांगून उपयोग होत नाही. दुखल्यावर मूल ओरडणारच. म्हणून त्यांना काय करायचं ते शिकवलं: 'झाड व्हा'. हात घडी घालून छातीशी, नजर स्वतःच्या पायांकडे, तोंड बंद. आधी कुत्र्याशिवाय सराव केला, मी पिल्लू व्हायचे आणि ती झाडं. खूप हसली, पण जमलं. मग पिल्लाबरोबर, मी शेजारी असताना. पिल्लू दोन उड्या मारतं आणि कंटाळून बसतं. बसलं की मी त्याला खाऊ देते. आता ते झाड दिसलं की आपणहून बसतं.

एक नियम कधीच मोडला नाही. मोठं माणूस खोलीत नसताना मुलं आणि पिल्लू एकत्र नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराला प्लायवूडची फळी लावली आहे, मला दिसतं, ते पलीकडे राहतं.

इतवारी, निवृत्त

आमच्या काळी नाकावर टिचकी किंवा तोंड घट्ट धरून ठेवायचे. तेवढ्याने कुत्रे सुधारायचे. आता हे सगळं फारच लाडाचं वाटतं, पण वाचतोय.

सेमिनरी हिल्स, पशुवैद्यकीय विद्यार्थी

काका, तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांचा हाच अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या कुत्र्यांत काही असे असतात की डोक्याकडे हात नेला की मान आकसतात. तपासायला तोंड उघडायचं तर जबडा आवळून धरतात. ज्या हाताने मार बसतो किंवा तोंड दाबलं जातं, त्या हाताची धास्ती बसते. पुढे त्याच हाताने कान साफ करायचे असतात, गोळी द्यायची असते. दुसरं म्हणजे गुरगुरण्यावर मारलं की काही कुत्रे गुरगुरणं सोडतात, चावणं सोडत नाहीत. आपल्याला आधी मिळणारी सूचना मात्र जाते.

दुधाचे दात २८ असतात, सुईसारखे. साधारण चौथ्या महिन्यात पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, चावणं मध्येच वाढल्यासारखं वाटतं. खेळण्यावर रक्ताचा ठिपका किंवा फरशीवर तांदळाएवढा दात दिसला तर घाबरू नका.

इयन डनबार या ब्रिटिश पशुवैद्यांनी पिल्लांच्या शिकवणीत एक क्रम रुजवला, तो मला पटतो. आधी फक्त जोराच्या चाव्यावर खेळ थांबवा, हलकं तोंड लावलं तर चालू द्या. जबडा मऊ झाला की मग मध्यम चाव्यावर थांबवा, आणि शेवटी दात लावणंच बंद. कारण पुढे कधी त्याच्या पायावर दार आपटलं, वेदनेने त्याने तोंड मारलंच, तर मऊ जबड्याच्या सवयीमुळे इजा कमी होते.

खामला, गोल्डन

मला केकाटण्याबद्दल विचारायचंय. सगळे सांगतात, चावलं की पिल्लासारखं 'आई गं' ओरडा. आमची ओरडल्यावर दुप्पट अंगावर येते.

शेरूवाला, दिघोरी

आमचाही तसाच ना ताई. ओरडलं की त्याले वाटे खेळ रंगला. काही पिल्लं थबकतात, काही पेटतात. पेटणारं असलं त गप राहा आन् उठून जा.

बजाजनगर, तिसरा मजला

आमच्या घरी उत्तर झोपेत सापडलं. पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, सकाळी ऊन चढलं की डांबर इतकं तापतं की पंजे भाजतात, म्हणून फिरणं पहाटेच. दिवसभर पिल्लू घरात, त्यात पाहुणे, टीव्ही, मुलांच्या सुट्ट्या. ते झोपतच नाही. मग दिवेलागणीला जे सुरू व्हायचं ते बघण्यासारखं नव्हतं: सोफ्यावरून उड्या, पडद्याला लोंबणं, जो दिसेल त्याला चावणं. आम्हाला वाटायचं ऊर्जा उरली आहे, म्हणून अजून खेळवायचो. ते थकून किरकिरं झालं होतं.

आता कूलरच्या खोलीत, हवेच्या थेट झोतापासून बाजूला, तिचा कोपरा आहे. तासभर जागी राहिली की तिथे, दार लोटून, अंधार करून. दोन मिनिटं कुरकुरते आणि झोपते. संध्याकाळचं चावणं पाऊण कमी झालं. ज्यांचं पिल्लू ठरावीक वेळीच पिसाळल्यासारखं करतं त्यांनी आधी त्याची झोप मोजावी.

मिश्रीची ताई, मनीषनगर

बजाजनगर, हे लिहिल्याबद्दल खरंच आभार. मिश्रीचंही सातच्या आसपास व्हायचं. दुपारची झोप ठरवल्यापासून तीही निवळली.

दात येताना काय दिलं तेही सांगा ना.

प्रतापनगर, दोन देशी

सुती रुमाल भिजवून पिळायचा, गाठ मारून फ्रीजरमध्ये. थंड गाजर, जाडसर. दोन्ही समोर बसूनच द्यायचं, धागे सुटले किंवा तुकडे पडले की काढून घ्यायचं. शिजवलेली हाडं अजिबात नाहीत, त्यांच्या कपच्या होतात आणि घशात-पोटात टोचतात. सावजी रस्स्यातलं हाड तर नकोच, कांदा-लसूणही कुत्र्यांना बाधतो. फार टणक काही दिलं तर दात तुटतो, अंगठ्याचं नख रुतेल इतपत मऊ असावं. आणि जुनी चप्पल खेळायला देऊ नका. जुनी आणि कालच बर्डीच्या बाजारातून आणलेली, यातला फरक त्याला कसा कळणार?

जरीपटका

माझं पिल्लू बहिरं आहे. डॅल्मेशियन. या जातीत बहिरेपण बऱ्यापैकी दिसतं. 'बस', 'सोड', ओरडणं, आमच्याकडे यातलं काहीच लागू नाही. तरी ती शिकली, आणि छान शिकली. दात लागला की मी चेहरा वळवते आणि उठते. हलकेपणाने खेळली की अंगठा वर आणि लगेच खाऊ. झोपेत असताना अचानक हात लावत नाही, आधी जमिनीवर पाय आपटून कंप जाणवू देते, नाहीतर दचकून चावू शकते. ज्यांना वाटतं की आवाज चढवल्याशिवाय कुत्रा ऐकत नाही, त्यांनी तिला एकदा येऊन भेटावं.

त्रिमूर्तीनगर, जुळ्यांची आई

शेजारीण घाबरली आहे. पिल्लाचा दात लागून तिच्या मुलाला ओरखडा उठला, रक्त नाही. घरी हळद लावली. पुरे का?

सेमिनरी हिल्स, पशुवैद्यकीय विद्यार्थी

नाही ताई, पुरे नाही. जखम आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही नाही. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रक्त नसलं तरी दाताचा ओरखडा असेल तर रेबीजची लस द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, रक्त असेल तर लसीबरोबर जखमेत आणखी एक औषध लागू शकतं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत ही लस मिळते. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती कुणी घालत असेल तर त्यांना सांगा, ती जुनी लस कधीच बंद झाली, आता दंडावर मोजकीच असतात. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, तोवर 'एवढंसं तर आहे' म्हणून सोडून देऊ नका, विशेषतः आई माहीत नसेल तर.

अजून एक. खेळातलं पिल्लू सैल असतं, वाकडंतिकडं, पुढचे पाय खाली करून ढुंगण वर. अंग ताठ, नजर रोखलेली, ताटली किंवा हाडाजवळ कुणी आलं की थिजणं, हा खेळ नाही. तिथे या धाग्यातले उपाय करत बसू नका, पशुवैद्यांना दाखवा. काही वेळा दुखणंही असतं.

इतवारी, निवृत्त

नातवाने पिल्लू आणलंय. टिचकी मारली नाही. इथे सांगितलंय तसं उठून दुसऱ्या खोलीत जातो. गुडघ्यांमुळे उठायला वेळ लागतो, त्यावर काही उपाय?

मिश्रीची ताई, मनीषनगर

आहे ना काका. पिल्लाच्या गळ्यातल्या पट्ट्याला हलकी दोरी लावून टेबलाच्या पायाला बांधा, आणि तुम्ही खुर्ची दोरीच्या टप्प्याच्या जरा बाहेर ठेवा. खेळायचं तेव्हा पुढे वाका, दात लागला की नुसते मागे टेका. तुम्हाला उठावं लागणार नाही. तुम्ही समोर असाल तेवढाच वेळ बांधा, दोरी गुंतते.