(मदत हवी आहे) एक्सएसएलटी: ४० पैकी ३ फायलींचा चिवडा होतोय

खटपट्या
यूबीएल २.१ (बिलांसारख्या व्यवहाराच्या कागदांचा प्रमाणित एक्सएमएल साचा) मधली बिलं ग्राहकाच्या जुन्या एक्सएमएल साच्यात बदलायची आहेत. मॅपिंगची एक्सेल शीट त्यांनीच दिली, त्यावरून एक्सएसएलटी (एका एक्सएमएलचं दुसऱ्यात रूपांतर करणारी भाषा) लिहिली. ३७ फायली झकास. उरलेल्या तिनांत टॅगच नाहीत! तारीख, पत्ता, रक्कम सगळं एकाला एक चिकटून बाहेर पडतं. एरर शून्य. उद्या सकाळी डेमो आहे. लवकर सांगा.

रात्रपाळी
एक्सएसएलटी चालवणारा प्रोसेसर कोणता? भाषेचं व्हर्जन? त्या तीन फायलींत वेगळं काय आहे? कोड न दाखवता विचारायचं तर ज्योतिषाकडे जा.

खटपट्या
प्रोसेसर सॅक्सन, एक्सएसएलटी २.०. वेगळं काहीच नाही हो, त्याच पुरवठादाराच्या, त्याच फोल्डरमधल्या. कोड कंपनीचा आहे, टाकता येत नाही.

सदूभाऊ
एक्सएसएलटी हवीच कशाला? १९९९ची भाषा ती. पायथॉन घ्या, त्यातली एक्सएमएलची लायब्ररी एलएक्सएमएल घ्या, पन्नास ओळींत काम. क्रोमवालेसुद्धा आता ती काढून टाकणार आहेत.

रात्रपाळी
क्रोम काढणार ती ब्राउझरमधली एक्सएसएलटी १.०. सॅक्सनचा तिच्याशी काय संबंध? भाषा जुनी म्हणता, पण तिची ३.० आली २०१७ साली. आणि तुमच्या पन्नास ओळींनाही हीच फाईल चकवेल.

ठाणेकरीण
हा एन्कोडिंगचा घोळ आहे. माझ्या श्रीलिपीतल्या जुन्या फायली युनिकोडमध्ये घेताना असाच चिवडा झाला होता. नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ करून सेव्ह करा.

मुळाक्षर
ताई, एन्कोडिंग बिघडलं तर अक्षरं बिघडतील, टॅग गायब होणार नाहीत.
खटपट्या, हे बिल्ट-इन टेम्प्लेटचं, म्हणजे एक्सएसएलटीत आधीपासून असलेल्या नियमांचं काम. तुमचं एकही टेम्प्लेट (कुठल्या टॅगचं काय करायचं तो नियम) जुळलं नाही की प्रोसेसर मुळापासून खाली उतरत जातो आणि वाटेत भेटेल तो मजकूर ओकतो. नियमानेच चाललंय, एरर कशी येणार? त्या फायलींचं रूट एलिमेंट (सगळ्यात बाहेरचा टॅग) वाचा, नेमस्पेससकट (टॅग कुठल्या शब्दसंचातला ते सांगणारा पत्ता), आणि इथे लिहा.

बंड्या_बॅकएंड
एवढं कशाला? टेक्स्ट नोडसाठी (टॅगांमधल्या मजकुरासाठी) एक रिकामं टेम्प्लेट टाका, चिवडा बंद.

मुळाक्षर
आणि ग्राहकाला कोरी फाईल? आत्ता निदान चूक डोळ्यांना दिसतेय. त्यापेक्षा उलटं करा: कुठल्याही अनोळखी रूटला जुळणारं टेम्प्लेट ठेवा आणि त्यात मेसेज टर्मिनेटसकट (म्हणजे काम थांबवायच्या सूचनेसकट) टाका. नको ती फाईल आली की तिथेच थांबेल.

खटपट्या
रूट 'क्रेडिटनोट' आहे, म्हणजे बिल नाही, परताव्याचा कागद!! फोल्डरचं नाव 'इन्व्हॉइसेस', म्हणून उघडून बघितलंच नव्हतं. 😬 मग टेम्प्लेटच्या मॅचमध्ये पाइप (म्हणजे 'किंवा') देऊन दोन्ही रूट घेतले की झालं ना?

रात्रपाळी
"वेगळं काहीच नाही हो."

मुळाक्षर
नाही होणार. रूटचा नेमस्पेस वेगळा, तो आधी जाहीर करा. मग आत ओळींचं नाव इन्व्हॉइसलाइन नाही, क्रेडिटनोटलाइन. नगांची संख्या क्रेडिटेडक्वांटिटीत. टाइप कोडचं एलिमेंट वेगळं, त्यात बहुधा बिलाच्या ३८० ऐवजी ३८१. देय तारीख २.१ च्या क्रेडिट नोटमध्ये वरच्या पातळीवर नसतेच, पेमेंटमीन्सच्या आत शोधा. यातलं एक जरी राहिलं तरी रकाना गुपचूप रिकामा जाईल.
सगळ्यात महत्त्वाचं, रक्कम. क्रेडिट नोटमध्ये ती सहसा धनच लिहितात, परतावा आहे हे कागदाच्या प्रकारावरून कळतं. ग्राहकाच्या साच्यात प्रकाराचा रकाना नसेल तर उणे चिन्ह लावावं लागेल. नाहीतर परताव्याची रक्कम बिलाची म्हणून चढेल.
या तीनही फायली आता एक्सस्पेकमध्ये (एक्सएसएलटी तपासायचं साधन) टेस्ट म्हणून कायमच्या ठेवा, उणे चिन्हाची टेस्ट सगळ्यात आधी.

बंड्या_बॅकएंड
एक्सस्पेक शिकायला वेळ कुणाला आहे? अपेक्षित आउटपुट ठेवा आणि डिफ मारा, दोन्हींतला फरक दिसेल.

मुळाक्षर
मारा, पण दोन्ही बाजू आधी कॅनॉनिकल करून, म्हणजे एकाच ठरावीक मांडणीत आणून. नाहीतर अॅट्रिब्यूटचा क्रम बदलला तरी टेस्ट रोज लाल.

खटपट्या
टेम्प्लेट वेगळं केलं, ओळी आल्या. चिन्हाचं मात्र शीटमध्ये अवाक्षर नाही, क्रेडिट नोटचा उल्लेखच नाही. ग्राहकाला मेल टाकलाय. उत्तर येईपर्यंत तीनही फायली टर्मिनेटवर. डेमो ३७ वरच करतो.