मुलीच्या नावात दिवंगत आजीचे नाव कसे घ्यावे?

प्रश्न : नौपाडा, ठाणे
पंधरा दिवसांपूर्वी आम्हाला मुलगी झाली. माझी आई, मालती, तिच्या जन्माच्या तीन महिने आधी गेली. अंथरुणाला खिळलेली असतानाही ती येणाऱ्या बाळासाठी दुपटी शिवत होती. मुलीचे नाव 'अन्वी' ठेवावे आणि त्यापुढे, जिथे वडिलांचे नाव येते तिथे, 'मालती' लावावे अशी माझी फार इच्छा आहे. यजमानांची हरकत नाही. जन्माची नोंद झाली आहे, नाव मात्र अजून दिलेले नाही. पुढे मुलीला याचा त्रास होईल का?

उत्तर : ऐरोली
आपल्या राज्यात 1 मे 2024 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिले जाते. त्यामुळे मधल्या दोन्ही जागा तुम्हा दोघांच्या आहेत. तिथे 'मालती' लिहिले, तर वाचणारा तिला मुलीची आईच समजेल. राहिला मुलीच्या स्वतःच्या नावाचा रकाना. माझ्या मुलाच्या नावात आम्ही आजोबांचे नाव असेच जोडले होते. शाळेने ते गाळले, दुसऱ्या एका कागदावर दोन्ही शब्द एकत्र लिहिले गेले आणि ती तफावत निस्तरण्यासाठी मला वारंवार हेलपाटे घालावे लागले. घाई करू नका. जन्मनोंदीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. मात्र ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच आधार मानला जातो, म्हणून एकदा लिहाल ते कायमचे समजूनच लिहा.

उत्तर : वाशी
ताई, आईचे नाव मधे कशाला अडकवता? मुलीचे नावच मालती ठेवा. आजोबांचे नाव नातवाला देण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. बाळाजी विश्वनाथ पेशवे 1720 मध्ये वारले. त्यांच्या नातवाचे नावही बाळाजीच होते, पण सारा महाराष्ट्र त्यांना नानासाहेब म्हणूनच ओळखतो. वडीलधाऱ्यांचे नाव घेऊन लेकराला रागवायचे कसे, या संकोचातून घरोघरी अशी दुसरी नावे रूढ झाली. आमच्या पुतण्याला सासूबाई 'बाळ' म्हणत, कारण त्याचे नाव म्हणजे त्यांच्या यजमानांचे नाव. शास्त्रातही देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितली आहेत, तेव्हा एका बाळाला दोन नावे असण्यात काहीच वावगे नाही. 'अन्वी' घरात राहू द्या, 'मालती' दाखल्यावर येऊ द्या.

प्रश्नकर्ती : नौपाडा, ठाणे
आपण दोघांनीही आपुलकीने लिहिलेत, मनापासून आभार. 'मालती' हे नाव जुने वाटेल, या एकाच भीतीने मी ते मधे ठेवू पाहत होते, हे तुमचे वाचताना लक्षात आले. आईचे वर्ष सरलेले नसल्याने बारसे घरच्या घरीच करू. काल तिची भांडी काढली, तेव्हा एका वाटीच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले 'सौ. मालती' दिसले, त्यातला 'सौ.' घासून घासून पुसट झाला आहे, नाव मात्र स्वच्छ वाचता येते. यजमानांनी ती वाटी हातात घेतली आणि दाखल्यावर हेच नाव घालू, असे तेच म्हणाले. उष्टावणाची खीर त्याच वाटीत करणार आहोत.