वॉरंटी संपल्यावर निघालेला दोष: भुर्दंड कुणी सोसायचा?

उघडझाप:
कॅमेरा चालू केला की लेन्स अर्धी बाहेर येते, कर्रकर्र करत तिथेच अडकते, आत-बाहेर करायची थोडी धडपड करते आणि मग स्क्रीनवर लेन्स एरर दाखवून कॅमेरा बंद. पडलेला नाही, भिजलेला नाही. वॉरंटी नुकतीच संपलीय. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, अख्खा लेन्स ब्लॉक, म्हणजे भिंगं, नळ्या, मोटर असा सगळा जुडगा, बदलावा लागेल. जो आकडा सांगितला त्यात थोडी भर घातली तर नवा कॅमेरा येतो. आणि रिपेअर नको असेल तर तपासणीचे पैसे भरून कॅमेरा घेऊन जा, हे वर! कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की 'तुमची वाईट, आमची चांगली' सुरू होईल.

माझा मुद्दा वेगळा आहे. वापरामुळे बिघडलं तर पैसे माझे, मान्य. पण दोष बनावटीतच असेल आणि उशिरा वर आला असेल, तर वॉरंटीची तारीख दाखवणं म्हणजे निव्वळ हात झटकणं.

२००५ सालची गोष्ट घ्या. सोनीच्या काही सीसीडी सेन्सरमध्ये, म्हणजे फोटो टिपणाऱ्या चिपमध्ये, आतल्या बारीक तारांची जोडणी उष्ण आणि दमट हवेत सुटायची. हेच सेन्सर कॅनन, निकॉन, फूजीफिल्म, कोनिका मिनोल्टा अशा बऱ्याच जणांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले. फोटो जांभळट, वेडेवाकडे, नाहीतर थेट काळे. त्या वर्षी एकामागून एक कंपन्यांनी जाहीर केलं की वॉरंटी संपली असली तरी सेन्सर फुकट बदलून देऊ. उत्तम. पण तोच बिघाड घेऊन जो माणूस या घोषणेच्या आधी गेला असेल, त्याच्या हातात काय ठेवलं असेल? एस्टिमेटच ना?

जुनंखोड:
'पडला नाही, भिजला नाही' असं काउंटरवर येणारा प्रत्येक जण म्हणतो, आणि बहुतेकांना ते मनापासून खरं वाटत असतं.

लेन्स उघडून बघितलीय कधी? एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात. आतल्या नळीला बारीक खुंट्या, त्या बाहेरच्या नळीच्या तिरक्या खाचांतून सरकतात. हे सगळं फिरवायला एक इवलीशी मोटर आणि प्लास्टिकची दातेरी चाकं. खाचेत वाळूचा एक कण गेला तरी पुरतो. त्याहून नेहमीचं कारण म्हणजे खिशात किंवा बॅगेत बटण दाबलं जाऊन कॅमेरा चालू होतो, लेन्सला बाहेर यायला जागा नसते, मोटर रेटत राहते आणि चाकाचा दात उडतो. वरून ओरखडासुद्धा दिसत नाही. मग म्हणायचं, आपोआप गेला.

आता खर्चाचं. आतली भिंगं किंचित जरी तिरकी बसली तरी फोटोची एक बाजू धूसर येते. ती परत जुळवायला उपकरणं लागतात, हात लागतो, वेळ लागतो. कारखान्यात हजारोंच्या संख्येनं जे यंत्रं करतात, ते इथे एका माणसानं एका कॅमेऱ्यासाठी करायचं. म्हणून कारखान्यातून जुळवून आलेला ब्लॉकच बदलतात. यात लूटमार कुठे आली?

उघडझाप:
काका, माझा कॅमेरा कडक कव्हरमध्ये असतो. पण ते जाऊ दे. खिशात मावतो म्हणून जाहिरात करायची आणि खिशात ठेवला म्हणून बिघडला असं म्हणायचं, हे कसं काय?

तिरकीरेघ:
+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवावं असं आहे.

पेचकस:
मी हेच काम करतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडं थोडं टोचणार.

लेन्स एररच्या सगळ्याच केसेस वाळू नि खिशाच्या नसतात. लेन्सच्या आत पट्टीसारखी पातळ फ्लेक्स केबल असते, शटर आणि फोकसच्या मोटरपर्यंत जाणारी. झूम केलं की ती दुमडते, परत आली की उलगडते. दुमड ज्या जागी पडते तिथेच तांब्याचा एखादा धागा हळूहळू तुटतो. कॅमेरा उभा धरला तर चालतो, आडवा धरला तर एरर येते, अशी लक्षणं असली की माझा पहिला संशय तिच्यावर. ही केबल कितीदा दुमडली जाणार हे डिझाइन करणाऱ्याला माहीत असतं. वळणाची त्रिज्या त्यानंच ठरवलेली असते. तेव्हा काका, इथे गिऱ्हाइकाकडे बोट दाखवता येणार नाही.

अडचण पुढेच आहे. सुटी केबल कंपनी मला देत नाही. दिला तर अख्खा ब्लॉक, तोही फक्त स्वतःच्या सेंटरला. अमेरिकेत निकॉननं २०१२ मध्ये स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना पार्ट विकणं थांबवलं आणि २०२० मध्ये स्वतःच मान्यता दिलेल्या बाहेरच्या केंद्रांचाही कार्यक्रम गुंडाळला. मग सेंटर सांगेल तीच किंमत. ताडून बघायला दुसरं दुकानच नाही.

एक अवांतर पण महत्त्वाचं. व्हिडिओ बघून घरी कॅमेरा उघडू नका. फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, तीनशे व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि बॅटरी काढल्यावरही तो चार्ज टिकून राहतो. बोट लागलं तर हात झणझणण्यावर भागेलच असं नाही.

नफातोटा:
भावना समजते, पण हिशेब कुणीच मांडत नाहीये.

जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेचे आकडे उघड आहेत. २०१० मध्ये जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे रवाना झाले होते, २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा नाहीत. धंदा इतका आटल्यावर प्रत्येक जुन्या मॉडेलच्या प्रत्येक केबलचा साठा कोण करणार? गोदाम, माणसं, प्रशिक्षण, सगळ्याला पैसा लागतो. वॉरंटी पाच वर्षं करा म्हणाल तर करतील, पण ती रक्कम छापील किमतीत जाईल आणि ज्याचा कॅमेरा कधी बिघडलाच नाही तोही ती भरेल. त्यापेक्षा ज्याला धाकधूक आहे त्यानं वाढीव वॉरंटी घ्यावी, बाकीच्यांनी घेऊ नये. मला हे जास्त न्याय्य वाटतं.

तिरकीरेघ:
नफातोटा, म्हणजे माल कच्चा बनवायचा आणि त्या कच्चेपणाचा विमा परत आपल्यालाच विकायचा. छान आहे. शिवाय ती वाढीव वॉरंटी बहुतेक वेळा तिसरीच कंपनी देते आणि अटी वाचल्या तर वाळू, ओल, आघात सगळं वगळलेलं असतं. मग उरतं काय?

स्वस्तातल्या कॅमेऱ्यांचंच हे होतं असंही नाही. निकॉन डी६०० आठवतोय? सप्टेंबर २०१२ मध्ये आलेला फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, म्हणजे हौशी माणसानं विचार करून घ्यावा असा. नव्याकोऱ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठिपके पडायला लागले. लेन्सचं छिद्र बारीक करून आकाशाचा फोटो काढला की डाव्या वरच्या कोपऱ्यात पुरळ उठल्यासारखे दिसायचे. कंपनीचं म्हणणं, साफ करून घ्या, परत पडले तर परत साफ करा. ऑक्टोबर २०१३ मध्ये डी६१० आला, शटरची यंत्रणा बदलून! यातून ज्यानं त्यानं काय समजायचं ते समजावं. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीनं जाहीर सूचना काढली. मग १५ मार्चला चीनच्या सरकारी वाहिनीनं ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हे प्रकरण दाखवलं, शांघायच्या अधिकाऱ्यांनी विक्री थांबवायला सांगितलं, आणि त्याच महिन्यात निकॉननं सांगितलं की वॉरंटी असो वा नसो, शटर फुकट बदलू.

त्या मार्चमध्ये शटर बदलण्याचा खर्च अचानक कमी झाला होता का? नाही ना? गोदामही तेच आणि माणसंही तीच. बोभाटा झाला, एवढंच.

जुनंखोड:
ताई, तुमची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. दोष एकाच मॉडेलच्या असंख्य कॅमेऱ्यांत, एकाच पद्धतीनं दिसला, म्हणून तो दोष ठरला, आणि ठरल्यावर कंपन्यांनी खर्च केला. इथे एक कॅमेरा आहे. तो बनावटीमुळे गेला की वापरामुळे, हे सिद्ध कोण करणार? पेचकस म्हणतात केबल. बघितलीय का त्यांनी? कर्रकर्र आवाज येतोय तर मी अजूनही चाकाचा दातच म्हणेन.

पेचकस:
आवाजाचं बरोबर आहे. न उघडता मीही पैज लावणार नाही.

तिरकीरेघ:
'सिद्ध कोण करणार' हाच तर कळीचा प्रश्न आहे, काका. युरोपियन युनियननं त्याचं उत्तर कायद्यात लिहिलंय. वस्तू घेतल्यापासून दोन वर्षं विक्रेता जबाबदार. त्यातल्या पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो मुळातच होता असं धरून चालायचं. नव्हता, हे विक्रेत्यानं दाखवायचं. काही देशांनी ही मुदत आणखी वाढवलीय. कंपनीची वॉरंटी कितीची आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. तिथे कॅमेऱ्याचा धंदा बंद पडलेला नाही, नफातोटा यांनी नोंद घ्यावी.

नफातोटा:
नोंद घेतली. आता माझीही एक घ्या. त्याच युनियननं २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा जो निर्देश काढला, त्यातल्या सक्तीच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल फोन आहेत. कॅमेरा नाही.

तिरकीरेघ:
नाही, हे खरं आहे. कॅमेरा आता इतके थोडे लोक घेतात की यादी करणाऱ्यांना तो आठवतही नसावा.

पेचकस:
उघडझाप, तुमच्यापुरतं सांगतो. पैसे भरण्याआधी मॉडेल आणि सिरीयल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर सर्व्हिस ॲडव्हायझरी, म्हणजे त्या मॉडेलच्या दोषाबद्दलची जाहीर सूचना, आहे का ते बघा. बऱ्याचदा असते आणि काउंटरवरचा माणूस ती आपणहून सांगत नाही. नसेल तर एस्टिमेट लेखी घ्या. पार्टचे किती आणि मजुरीचे किती, हे वेगळं लिहून मागा. बिघाडाचं कारणही लिहायला लावा. तोंडी 'आघात झालाय' म्हणणारे लोक कागदावर तसं लिहिताना जरा अडखळतात. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर काउंटरशी हुज्जत घालू नका, वरच्या कार्यालयाला पत्र लिहा. सवलत देण्याचा अधिकार तिथे असतो. आणि जुना ब्लॉक परत मागा. दुसऱ्या कुणाला दाखवता येईल.

जुनंखोड:
जुना ब्लॉक देणार नाहीत. बदलीच्या किमतीत तो त्यांचा धरलेला असतो.

उघडझाप:
ॲडव्हायझरी नाही, बघितलं. एस्टिमेट लेखी मागितलं तर आलं, पण कारणाच्या रकान्यात नुसतं 'लेन्स सदोष' एवढंच लिहिलंय. काका, आघात नाही, ओल नाही, सदोष. त्यांच्याच अक्षरात. जुना ब्लॉक आम्ही ठेवून घेतो म्हणाले. मग त्याची किंमत एस्टिमेटमध्ये वजा धरलीय का, असं वरच्या कार्यालयाला विचारलंय आणि सोबत त्या रकान्याचा फोटो जोडलाय. मोबाइलनं काढलेला, अर्थात.