समुद्राकाठी राहून ‘जॉज’ वाचताना : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, पीटर बेंचली यांची ‘जॉज’ या पावसाळ्यात पुन्हा वाचली. कादंबरी १९७४ सालची. पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट आला आणि इतका गाजला की पुस्तक मागे पडलं. माझ्या ओळखीत चित्रपट पाहिलेले ढीगभर, पुस्तक वाचलेले मोजकेच.

माझं मत आधीच सांगून टाकते. माणसं मारणाऱ्या शार्क माशाची ही थरारकथा आहेच, पण मासा पानोपानी नाही. बरीचशी पानं अ‍ॅमिटी या समुद्रकाठच्या काल्पनिक गावाची आहेत. उन्हाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांच्या जिवावर या गावाची वर्षभराची चूल पेटते. पहिला बळी जातो, पोलीसप्रमुख ब्रॉडी किनारा बंद करू पाहतो आणि गावातली वजनदार माणसं त्याला तो उघडाच ठेवायला लावतात. आपल्याकडेही ‘सीझन’ शब्द उच्चारला की पुढचं सांगावं लागत नाही. म्हणून हा धागा खास गोव्यातल्या वाचकांसाठी. कशी वाटली, कुठे कंटाळलात, काय पटलं नाही, मोकळेपणाने लिहा. शेवटाची चर्चा होणारच, तेव्हा वाचायची राहिली असेल त्यांनी जपून.

मोरजी, गेस्ट हाऊस चालवते

पाहुणे जाताना पुस्तकं ठेवून जातात, त्यात ही मिळाली. सगळे महापौर वॉनला शिव्या घालतात. मलाही त्याचा राग आला, पण त्याआधी त्याची भीती कळली. आमच्याकडे शॅकवाला बांबू आणि झावळ्या आणतो तेव्हाच उसनवारी झालेली असते. भाड्याच्या स्कूटर, टॅक्सी, धोबी, पाव पुरवणारा पोदेर, सगळ्यांचा हिशेब त्या सात-आठ महिन्यांवर. २०२०च्या मार्चमध्ये पाहुणे एकाएकी निघून गेले आणि गाव कसं दिसू लागलं ते आम्ही पाहिलंय. अ‍ॅमिटीतले दुकानदार ब्रॉडीकडे येऊन गयावया करतात, ती पानं मी दोनदा वाचली. त्यांना माणसं मेलेली चालतात असं नाही. उद्याचं काय, एवढंच त्यांना दिसतं.

तरीही माझं मत ब्रॉडीच्या बाजूने. पावसात जीवरक्षक लाल बावटा लावतात आणि पाहुणे मला विचारतात, पाणी तर गुडघाभरच दिसतंय, जाऊ ना? मी नाही म्हणते. गुडघाभर पाण्यातच लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि माणूस आडवा होतो. खोली रिकामी झाली तरी चालेल, पण उत्तर तेच.

एक तक्रार मात्र आहे. लेखकाने वॉनच्या मागे माफियाचं कर्ज लावून दिलं. तिथे कादंबरी सोपी झाली. निव्वळ गावाच्या पोटासाठी घाबरलेला माणूस असता तर तो मला जास्त हादरवून गेला असता.

फोंडा, एम.ए.ची विद्यार्थिनी

मधला भाग मला अजिबात झेपला नाही. ब्रॉडीची बायको एलन आणि शास्त्रज्ञ हूपर यांचं प्रकरण चित्रपटात नाही, ते बरंच झालं. खरं तर एलनची गोष्ट ताकदीची होती. ती मूळची पाहुण्यांच्या श्रीमंत घरांतली, लग्न करून गावची झाली आणि आता दोन्हीकडची राहिली नाही. हे लेखकाला दिसलंय, पण लगेच तो तिला हॉटेलातल्या जेवणावर नेऊन बसवतो आणि पुढे नुसता चटकदारपणा. हूपर पुस्तकात पाण्याखालच्या पिंजऱ्यात मरतो, चित्रपटात वाचतो. पुस्तकातलं ते मरण मला शिक्षा दिल्यासारखं वाटलं.

ताळगाव, सागरी विज्ञान शिकवतो

मोरजीच्या ताईंचं गावाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माशाबद्दल मात्र बोलायलाच हवं. एकच शार्क एका किनाऱ्यावर ठाण मांडते आणि माणसांमागून माणसं मारते, ही कल्पना ऑस्ट्रेलियातले शल्यविशारद व्हिक्टर कॉपलसन यांनी १९५०च्या दशकात मांडली होती. नंतरच्या अभ्यासात ती टिकली नाही. शार्क डूख धरत नाही. अमेरिकेत १९१६च्या जुलैमध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर चारजणांचा जीव गेला होता, तो प्रकार खरा. पण त्यावरून सगळ्या जातीला खुनी ठरवणं हा अन्याय आहे.

आणि त्याची किंमत शार्कने मोजली. कादंबरी आणि चित्रपटानंतर मर्दुमकी दाखवायला शार्क मारणाऱ्यांचं पेव फुटलं. कादंबरीतला ग्रेट व्हाइट जातीचा मासा वयात यायलाच वीस-वीस वर्षांहून अधिक काळ घेतो, पिल्लंही थोडी. एकदा संख्या घसरली की भरून यायला पिढ्या जातात. मला बेंचलींबद्दल आदर वाटतो तो त्यांनी पुढे जे केलं त्यामुळे. आज असं पुस्तक लिहू शकणार नाही हे त्यांनी उघडपणे सांगितलं आणि २००६ मध्ये जाईपर्यंत शार्क वाचवण्यासाठी लिहीत-बोलत राहिले. आपल्याकडे व्हेल शार्कला २००१ पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. केवढा अवाढव्य मासा, आणि खातो काय, तर गाळून घेतलेले बारीक जीव! विद्यार्थ्यांना मी ही कादंबरी वाचायला सांगतो, पण सोबत हेही सांगतो.

वास्को, खारीवाडा

आमचं घर मासेमारीतलं. आमच्याकडे मोरी, म्हणजे शार्क, हा बाजारातला मासा. लहान मोरीचं आंबट-तीख केलं की घरात भात कमी पडतो. मोठी मोरी जेटीवर उतरली की पोरं भोवती जमतात. तिच्या अंगावरून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर तळवा सोलवटतो. पूर्वी तिच्या काळजाचं (यकृताचं) तेल काढून होडीच्या फळ्यांना लावत, लाकूड टिकायचं. त्यामुळे ‘राक्षस’ म्हणून घाबरायला मला वेळ लागला.

पण शार्क मारायला नेमलेल्या क्विंट या कोळ्याचं मरण वाचलं आणि पुस्तक खाली ठेवावं लागलं. भाल्याची दोरी त्याच्या पायात अडकते आणि मासा त्याला घेऊन खाली जातो. बस्स. पडाववर पाय ठेवला की पोराला पहिली ताकीद हीच मिळते, दोरीच्या वेटोळ्यात उभा राहू नकोस. जाळं सुटताना दोरी सरसर जाते, ती कोणाला बघत नाही. चित्रपटात मासा त्याला चावून खातो, ते पाहताना मी बसून राहिलो होतो. पुस्तकातली दोरी मात्र खरी आहे. ते लिहिणाऱ्याला होडीवरचं काम माहीत होतं, नाहीतर नीट विचारून घेतलेलं होतं.

क्विंट डॉल्फिनचं पोटातलं पिल्लू आमिष म्हणून वापरतो, ते अजिबात आवडलं नाही. त्यावर हूपर भांडतो, ते योग्यच.

म्हापसा, निवृत्त शिक्षिका

लहान मुलगा रबरी तराफ्यावर असताना जातो तिथे मी थांबले. त्याच्या आईने ब्रॉडीला जाब विचारलेला तेवढा वाचला. पुढे जाववलं नाही. पुस्तक वाईट आहे म्हणून नव्हे.

डिचोली, वार्ताहर

हॅरी मेडोज या संपादकाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. पहिल्या मुलीच्या मृत्यूची बातमी तो छापत नाही. जाहिरातदार, गावातले प्रतिष्ठित, सीझन, सगळं त्याच्यापुढे असतं. ती बातमी छापली असती तर दुसरे बळी टळले असते. मी तालुक्यातल्या बातम्या करतो, आणि ‘आत्ताच नको, सण झाल्यावर देऊ’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. गढूळ पाण्याची बातमी होती. मी ती मागे घेतली नाही, दुसऱ्या दिवशी लागली, पण आतल्या पानावर. मेडोज पुढे वॉनच्या भानगडी खणून काढतो, ते चांगलंच. तरी माझ्या लेखी कादंबरीतला सगळ्यात थरारक प्रसंग म्हणजे ती न छापलेली बातमी. मासा त्यानंतर येतो.

धागाकर्ती

डिचोलीच्या दादांनी मर्मावर बोट ठेवलं. खारीवाड्याच्या भावाला देव बरें करूं, दोरीचं हे मला कधी सुचलं नसतं. म्हापशाच्या बाईंना एवढंच सांगते, पुढे त्या आईचा प्रसंग पुन्हा येत नाही. शेवटाबद्दल कोणी लिहील का?

काणकोण, बँकेत नोकरी

शेवट लिहितो. चित्रपटात स्फोट होतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. कादंबरीत मासा ब्रॉडीच्या अगदी जवळ येतो आणि जखमांनीच मरतो. काहीजणांना हा शेवट फसका वाटतो. मला तोच पटला. ब्रॉडीला पाण्याची भीती आहे, त्याने कुठलाही पराक्रम केलेला नाही, तो फक्त शेवटपर्यंत तिथे होता. मग तो पोहत किनाऱ्याकडे निघतो आणि कादंबरी संपते. गावाचं काय होणार, दुकानं चालणार का, हे लेखक सांगत बसत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. ज्या गावासाठी अर्धं पुस्तक खर्च केलं त्या गावाची शेवटी साधी विचारपूसही नाही. आणखी दहा पानं हवी होती.